काळी झाली म्हणून बंद केलेली गोळी

पोरगी तिसरीला व्हती तेव्हाचं हे. चाकणच्या कंपन्यांच्या मागं जे गाव हाय तिथं आमची भाड्याची खोली. आमी लातूरकडचे, आमचे हे कंपनीत कंत्राटावर, पोरगी झेडपीच्या शाळेत. शाळेतनं आली की दप्तर टाकायची आन् भिंतीला टेकून बसायची, खेळायला जायची न्हाई. मला वाटायचं स्वभावानंच गरीब हाय. पाटीवरची पेन्सिल खायची, त्याचं बी काही वाटलं न्हाई, कारण मी बी खायची, तिच्या वेळेला पोटुशी असताना तर डबाच्या डबा.

मग शाळेत तपासणीची गाडी आली, बोटातनं रक्त घेतलं, आन् दोन दिवसांनी आशाताई घरी आली. आशाताई आमच्याच गल्लीतली, सरकारी दवाखान्याचं काम करती.

"तुझ्या लेकीचं रक्त सात पॉइंट दोन हाय. अकरा-बारा तरी पाहिजे."

"कुठं गेलं रक्त?" मी म्हणलं.

"जाईल कुठं? झालंच न्हाई. चहा-खारीवर वाढिवलीस तू तिला." मग माझीच पापणी खाली ओढून बघितली. "आन् ही बघा आई! दोघी मायलेकी पांढऱ्याफटक. क्रीम-पावडरचा खर्चच न्हाई गं तुमाला."

ती हसली म्हणून मी बी हसले.

गुलाबी गोळ्यांचं पाकीट दिलं. रोज एक, जेवल्यावर, लिंबूपाण्याबरोबर, चहा लांब ठेवायचा. महिन्यानं परत रक्त बघायचं. न्हाई वाढलं तर मोठ्या दवाखान्यात भरती, कदाचित रक्त चढवायला लागंल. रक्त चढवायच्या भ्यानं मी त्याच दिवशी लिंबं आणली.

तीन दिवस गोळी दिली. चौथ्या दिवशी पोरगी संडासातनं ओरडली, "मम्मी, शी काळी झाली गं!" जाऊन बघितलं तर खरंच काळी. माझ्या थोरल्या भावाला अशीच झाली व्हती. आतून रक्त चाललंय म्हणले डॉक्टर, आन् आठ दिवसात भाऊ गेला. मी तेव्हा सातवीत, त्याच्यानंतर शाळा बी सुटली माझी. आता मला वाटलं, हिच्यात आधीच रक्त न्हाई, आन् व्हतं तेवढं बी ही गोळी काढून टाकायली.

सांगावं कुणाला? आशाताईला सांगितलं तर ती उचलून मोठ्या दवाखान्यात नेणार. ह्यांना सांगितलं तर ह्यांचा ओव्हरटाइम चालू, आधीच डोकं तापलेलं. मी कुणालाच सांगितलं न्हाई. रोज एक गोळी काढायची आन् संडासात टाकून पाणी ओतायचं. आशाताई दर सोमवारी येऊन पाकीट बघायची.

"दिली का?"

"दिली की."

"शाब्बास."

पोरीला सांगून ठेवलं, कुणी विचारलं तर घेते म्हण. दोन-तीन दिवसात काळी थांबली. मला वाटलं, वाचवली मी लेकीला. पण पोरगी जास्तच सुकायला लागली. शाळेत प्रार्थनेला उभी असताना खाली बसली, बाईंनी घरी पाठवून दिली. तरी मी गोळी संडासातच टाकत राहिले.

महिना झाला तसं आमी तिघं दवाखान्यात गेलो. हे शिफ्ट बुडवून आलते. आशाताई तिथंच व्हती. डॉक्टर मॅडमनी रक्ताचा कागद बघितला, सहा पॉइंट नऊ.

"गोळ्या चालू होत्या ना?"

"हो मॅडम," आशाताईच बोलली, "पाकिटं मी स्वतः बघितलीत."

"मग लागू का पडत नाही? दुसरं काही आहे का ते बघावं लागेल." पिंपरीच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली. आजच भरती करा म्हणल्या, रक्त चढवतील, लागलं तर हाडातलं बी तपासतील. हाडातलं ऐकून पोरीनं ह्यांचा शर्ट धरला. हे नुसते, "हो मॅडम, नेतो मॅडम." मला बसल्या जागी दम लागला, जिना चढल्यावर लागतो तसा.

"मॅडम, लिहू नका," मी म्हणलं. "मी गोळी दिलीच न्हाई. तीनच दिवस दिली."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भावाचं सांगितलं, काळीचं सांगितलं, मधी थांबलेच न्हाई. आशाताईनं कपाळावर हात मारला.

"अगं बये, लोखंडाची गोळी ती! त्यानं काळीच व्हती. सगळ्यांची व्हती!"

"मग सांगायचं की ताई."

तिनं कपाळावरचा हात खाली घेतला. "राहिलं," म्हणली. "लिंबाचं सांगितलं, चहाचं सांगितलं, हे राहिलं."

मॅडम रागावल्या, पण माझ्यावर एकटीवर न्हाई. रक्ताची काळी चिकट असती, घाण वास येतो, तशी दिसली तर पळत या म्हणल्या. "पण लपवायचं नाही. मी उगाच केवढं काय काय करायला निघाले होते हिला." पोरीची छाती तपासली, आन् गोळीला पंधरा दिवस दिले. त्याच्या आधी दम लागला, चक्कर आली तर थेट भरती.

चौकात ह्यांनी गाडी बाजूला घेतली. मग म्हणले, "मला तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

ह्यांनी पोरीला पुढं नीट बसवलं. "बंदच कर म्हणलो असतो."

त्या दिवसापास्नं रोज दिली. परत काळी झाली. माहीत असून बी मला दारात उभं राहवंना, वास घेऊन बघितला, आन् दुसऱ्या दिवशी परत दिली.

पंधरा दिवसांनी रक्त सात पॉइंट आठ निघालं. मॅडम म्हणल्या, भरती नको, पण गोळी अजून तीन-चार महिने. मी म्हणलं, देते. त्यांनी मान हलवली आन् मला सोडून पोरीलाच विचारलं, "आई गोळी देते का गं?"

मी खाली बघितलं.

"देती," पोरगी म्हणली, "आन् गिळली का बघायला तोंड उघडायला लावती. रोज. शेजारच्या काकूसमोर बी."