दात गेला, शीळ गेली

माघ वद्य तृतीया, शके अठराशे तीस. मुक्काम अवसरी बुद्रुक, आमची विहीर. हजर: वडील आबा, माझी बायको सगुणा, विहिरीचे वाटेकरी धोंडीभाऊ, दोन बैल आणि मी. गैरहजर: आबांचा वरचा पुढचा दात. तो आदल्या संध्याकाळी मीच दोऱ्यानं काढला होता.

दात महिनाभर हालत होता. आबा भाकरी दुधात कालवून गिळायचे. मी माझ्या कामांच्या यादीत लिहिलं, 'आबांचा दात काढणे'. काढला, रेघ मारली. सकाळी आबांनी दाढांनी अख्खी भाकरी चावून खाल्ली. मी स्वतःवर फार खूश होतो!

पाण्याची पाळी दुपारपर्यंत आमची. मग धोंडीभाऊंची, आणि आमची पुन्हा आठ दिवसांनी. गहू ओंबीवर आलेला, तोवर टिकला नसता. आबांनी मोट जुंपली. बैल उतारावरून खाली गेले, मोट वर आली, पाणी पाटात पडलं. आता बैलांनी उलट पावली मागं सरायचं, ते आबांची शीळ ऐकून. आबांनी शीळ घातली.

"फुस्स!"

बैल उभेच.

"आबा, ही काय शीळ व्हय?"

"शिळंचा दात तू काडलास, आन मलाच इचारतोस?"

कासरा ओढला, तर बैल तिरके झाले. मी शीळ घातली, तर त्यांनी कानसुद्धा हलवला नाही. धोंडीभाऊ बांधावर ऐसपैस बसले. "चालू द्या राव! मला काय घाई न्हाई. दुपार आपसूक व्हती."

मला मात्र भलतंच कुतूहल लागलं. त्या फटीत नेमकं काय बसवलं तर शीळ येईल? आधी मेण लावलं. तोंडाच्या उबेनं मऊ पडलं. मग सुपारीचं खांड. शीळ अशी खणखणीत आली, की बैल तुरुतुरु मागं! पुढच्या फेरीला पुन्हा फुस्स.

"सुपारी कुठंय?"

"खाल्ली."

"आबा!"

"तोंडात सुपारी आल्यावर मानूस काय करतो?"

सहा फेऱ्यांत सहा खांडं गेली. (दाढा उत्तम आहेत, एवढं सिद्ध झालं!) तेवढ्यात सगुणा जेवण घेऊन आली. "अवं, खाता येनार न्हाई असं कायतरी घाला की! तुमचं बोट घाला!"

घातलं. करंगळी चपखल बसली.

मग काय! दुपारपर्यंत मी आबांच्या तोंडात करंगळी घालून, त्यांच्या बाजूनं उतारावर वरखाली पळत होतो. बैल मजेत, आबा मजेत, धोंडीभाऊ पोट धरून. "लेकरू बापाचं बोट धरून चालतं, ते लई पायलं. बापानं लेकाचं बोट दातात धरल्यालं आजच पायलं!"

गव्हाच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचलं. करंगळीला चार चावे.

एक काम अजून बाकी आहे: बैलांना माझी शीळ शिकवणे. रोज घालतो. दोघं मान वळवून आबांकडं बघतात, याला काय होतंय असं विचारल्यासारखं. आणि आबा त्यांची समजूत घालतात, "जाऊ द्या रं. समदे दात असून बी त्याला जमत न्हाई!"