दोन टोकांची ट्राम

पूर्व बर्लिनमधल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ट्रूडे कुलिके राहायच्या. नवरा युद्धावरून परतला नाही. घरात त्या आणि आठ वर्षांची बेर्बेल. युद्धानंतर त्यांनी पडक्या घरांच्या विटा उपसल्या. पुढे पूर्व बर्लिनच्या ट्रामवर बायका घेऊ लागले, तेव्हा त्या चालक झाल्या. शाळेची वेळ सोडली तर दिवसभर बेर्बेल माझ्या बायकोपाशी, मार्थापाशी असे.

तोवर शहराची वाटणी होत आली होती. आम्हा जर्मनांना हरवेपर्यंत रशियन आणि अमेरिकन एका बाजूचे होते. सुरुवातीला त्यांचे अधिकारी एकाच टेबलाशी बसून बर्लिनचा कारभार पाहत. मग बिनसलं: पूर्व भाग रशियनांकडे राहिला, पश्चिम भाग अमेरिकन आणि त्यांच्या दोस्तांकडे. आधी दोन्हीकडचं चलन वेगळं झालं, मग टेलिफोनच्या तारा कापल्या गेल्या. त्रेपन्नच्या जानेवारीत पाळी ट्रामवर आली.

पश्चिमेत बाईने ट्राम चालवायची नाही, असा नियम होता. म्हणून पूर्वेच्या साहेबांनी सीमेपलीकडे जाणाऱ्या गाड्यांवर मुद्दाम बायकाच लावल्या, म्हणजे गाडी अडवल्याचा दोष पश्चिमेवर जाईल. पहिल्याच दिवशीच्या गाडीवर ट्रूडेबाईंचं नाव लागलं.

सकाळी बेर्बेलला सोडायला आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"डेपोतले साहेब म्हणतात, तिकडचे पोलीस पकडतील. पण घाबरू नका, पेपरात फोटो येईल."

"मग नाही म्हण की," मार्था म्हणाली.

"नाही म्हटलं तर नोकरी जाते, हो म्हटलं तर मी जाते. मला संध्याकाळी घरी यायचंय, मार्था, बाकी काही नको. फोटो त्यांनी स्वतःचा छापावा."

मी पश्चिमेत एका लाकूड व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होतो, त्यामुळे त्याच गाडीत बसलो. सीमेचा खांब ओलांडून गाडी अर्धी पुढे गेली आणि रुळावर एक जाडजूड पोलीस हात वर करून उभा राहिला.

"बाई, खाली उतरा. हँडल आमच्या माणसाकडे द्या, पुढे तो नेईल."

"हँडल कुणाला देता येत नाही. गाडी तुम्हाला देऊन आले, असं म्हणतील आमचे लोक."

"मग तुम्हाला चौकीवर न्यावं लागेल."

मागून एक म्हातारा म्हणाला, "बाई गाडी चालवते म्हणून पकडता? आमच्याकडे बायको अख्खं घर चालवते, तिलाही न्या."

"पत्ता सांगा, आजोबा," पोलीस म्हणाला.

गाडीत हशा पिकला. ट्रूडेबाई हसल्या नाहीत. गाडी चालवायच्या पितळी हँडलवर त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"घरी आठ वर्षांची मुलगी आहे हो," त्या हळूच म्हणाल्या.

पोलिसाने थंडीने लाल झालेलं नाक पुसलं. मग तो गाडीच्या कडेकडेने मागे चालत गेला, खांबापाशी थांबला, मागचं टोक पाहून परत आला.

आमच्या ट्रामला दोन्ही टोकांना चालकाची जागा असे. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवत नसत. चालक हँडल काढून दुसऱ्या टोकाला जाई. ट्रूडेबाई हे रोज करत होत्या, पण त्या क्षणी ते ना त्यांना सुचलं, ना आम्हाला.

"तुमचं मागचं टोक अजून पूर्वेत आहे," पोलीस म्हणाला. "तिथे कोण चालवतं ते मी कशाला बघू? निघा लवकर. मलाही गरम कॉफी हवी आहे."

ट्रूडेबाईंनी हँडल काढलं, छातीशी धरलं आणि आमच्यामधून वाट काढत निघाल्या. म्हातारा पाय आखडून घेत म्हणाला, "जपून हं पोरी, सीमा ओलांडते आहेस."

आम्ही उतरून पलीकडच्या ट्रामकडे चालू लागलो. मागे घंटा वाजली. गाडी रूळ बदलायच्या सांध्यापर्यंत सावकाश उलटी जाताना दिसली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ टोपी मुठीत चुरगाळत होतो.

संध्याकाळी घरी आलो, तर ट्रूडेबाई अंगातला कोटही न काढता आमच्या टेबलाशी कोबीचं सूप पीत होत्या. बेर्बेल त्यांना टेकून झोपली होती.

"उद्या काय?" मी विचारलं.

"उद्यापासून गाडी खांबाच्या अलीकडेच थांबणार. लोकांनी चालत पलीकडे जायचं."

"आणि फोटो?" मार्थाने विचारलं.

"पेपरवाल्याने काढला ना. पुढच्या रिकाम्या टोकाचा. मी तोवर मागे पोचले होते," असं म्हणून त्यांनी वाडगा पुढे केला. "अजून आहे का गं?"