मुलं कोणाकडे बघतायत

दोह्यातल्या अल गराफामध्ये राहणाऱ्या एका बाईनं आणि तिच्या धाकट्या भावानं मिळून मला फसवलं. पैसे बुडवले असं नाही. पैसे बुडवणारे लोक मला एक वेळ परवडतात, त्यांच्याशी भांडता येतं. या दोघांनी माझ्या पाठीमागे उभं राहून माझं काम उचलून नेलं आणि त्या वेळी मी त्यांना ऊन कुठून घ्यायचं ते समजावून सांगत होते.

मी मूळची बार्शीची. बारावीनंतर एका फोटो स्टुडिओत पासपोर्टचे फोटो कापायला बसले. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, अशी मालकाची ताकीद होती. तो जेवायला गेला की मी गिऱ्हाइकाला बसवून फोटो काढायचे. तो परत आल्यावर शिव्या खायचे आणि उलट चार द्यायचे. माझे फोटो गिऱ्हाईक परत आणत नाही हे त्याला कळलं, तेव्हा कुठे त्यानं तोंड बंद केलं. तिथे मी एक गोष्ट शिकले. माणसाला ‘हसा’ म्हटलं की तो दात दाखवतो, आणि डोळे मात्र शटर ओढल्यासारखे बंद होतात. हसवायचं असेल तर त्याला आधी थोडं टोचावं लागतं.

लग्न होऊन दोह्याला आले. बारशी, डोहाळजेवणं, पोरांचे वाढदिवस असं करत करत बारावीच्या मुलांच्या फोटोंपर्यंत पोचले. शाळा संपताना गाऊन घालून, टोपी घालून एकेकट्याचा फोटो काढून घ्यायची पद्धत इथल्या अमेरिकन शाळांत आधीपासून होती, मग ती आपल्या भारतीय शाळांतही आली. गाऊन मी एका शिंप्याकडून घासाघीस करून शिवून घेतले. तो शेवटी हात जोडून म्हणाला, ‘‘दीदी, आप ले जाओ, लेकिन दोबारा मत आना.’’ दुसऱ्या वर्षी मी परत त्याच्याकडेच गेले. अल वक्राच्या जुन्या बाजारातल्या मातकट भिंती कोणत्या वेळी कोणत्या बाजूनं उजळतात हे मी उन्हात चालून चालून शिकले. मला कोणी शिकवलं नाही.

ही मुलं फोनसमोर वाढलेली. कॅमेरा वर केला की प्रत्येकाचा एक ठरलेला चेहरा येतो, मान तिरकी, ओठ पुढे. तो चेहरा फोडायचा कसा, हे मला अपघातानंच सापडलं. एक मराठी मुलगा खांबासारखा उभा होता. मी वैतागून ओरडले, ‘‘ए मुडद्या, पोट आत घे! शाळेनं काढून टाकल्यासारखं काय तोंड केलंयस?’’ आणि त्याचा चेहरा उघडला. घरी मराठी ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायचं, असं वाढलेलं पोरगं ते. ‘मुडद्या’ त्याला फक्त गावाकडून फोनवर आजी म्हणायची. दोह्यात, गाऊन घातलेला असताना, मित्रांसमोर कोणी म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्या अर्ध्या क्षणात मी बटण दाबलं. तो फोटो त्याच्या आईनं बघितला आणि ती रडली. मल्याळी, तमिळ मुलांना माझे शब्द कळायचे नाहीत, पण शेजारचं मराठी पोर खदखदलं की तीही फुटायची. हे माझं भांडवल होतं. कॅमेरा काय, कोणीही विकत आणतो.

तर ही बाई. तिची मुलगी बारावीत, आणि ती स्वतः शाळेच्या पालक कमिटीत. इयरबुकचे फोटो कोणी काढायचे ते तिच्या हातात होतं. मला तेच हवं होतं. एकेका घरी जाऊन धंदा वाढत नाही. एका शाळेचं इयरबुक मिळालं, त्यात फोटोंखाली नाव छापलं गेलं, की बाकीच्या शाळा आपण होऊन फोन करतात. तिनं मला घरी बोलावलं. चहा दिला, मुलीला हाक मारली. मुलगी आली, सोफ्याच्या कडेला बसली.

‘‘नाक बघितलंस?’’ आई मला म्हणाली. ‘‘बापाचं आलंय. कॉम्प्युटरवर कमी करता येतं ना?’’

मुलगी फोनमध्ये बघत राहिली. ऐकून ऐकून कानाला घट्टे पडलेले असतात तसं.

‘‘करता येतं, पण मी करत नाही,’’ मी म्हणाले. ‘‘नाक कापून द्यायला दुसरे लोक आहेत.’’

मुलगी फिसकन हसली. आईला ते आवडलं नाही, पण ती पक्की होती. लगेच व्यवहारावर आली. ‘‘हिचे फोटो तू फुकट काढ. मी अख्खा वर्ग तुला आणून देते.’’

‘‘वर्ग आणा. सगळ्यांचे फोटो एका संध्याकाळी काढते. ज्याला आवडतील तो माझ्याकडून घेईल. पण इयरबुकमध्ये फोटो माझेच जातील आणि खाली माझं नाव.’’

‘‘नाव कशाला?’’

‘‘ताई, तुमच्या मुलीला तुम्ही नाव का ठेवलंत?’’

ती हसली आणि हो म्हणाली. तोंडी. आपल्याच भाषेतली बाई, तिच्याकडून कागदावर सही कशी मागायची! शिंप्याकडून मी सही घेतली असती. उठताना ती सहज म्हणाली, ‘‘माझा भाऊ नुकताच इथे आलाय, आयटीत आहे. नवीन कॅमेरा घेतलाय बिचाऱ्यानं. त्या दिवशी बघायला आला तर चालेल ना? शिकेल जरा.’’

मी म्हणाले, येऊ दे.

समैस्माचा किनारा मी निवडला. ओहोटीला तिथे पाणी लांब आत जातं आणि ओल्या वाळूवर सगळं आभाळ उतरतं. हवा दमट होती. हा भाऊ, मुलीचा मामा, एसी गाडीतून उतरला, कॅमेऱ्याचं झाकण काढलं, आणि काचेवर वाफ धरली. पुसतोय, परत धरतेय. रडकुंडीला आला.

‘‘पुसू नका,’’ मी सांगितलं. ‘‘पिशवीत घालून तसाच बाहेर ठेवा. त्याला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्या.’’

‘‘थँक यू हां, मॅडम,’’ तो म्हणाला. ते त्याचं माझ्याशी पहिलं आणि शेवटचं सरळ वाक्य.

मुलं आली. ऊन तिरकं आलं होतं. चेहऱ्यावर उजेड फेकायला पांढरा गोल रिफ्लेक्टर धरावा लागतो, तो धरायला बाई स्वतः पुढे आली. ‘‘मी धरते, तू तुझं काम कर.’’ मला बरं वाटलं. एकेका मुलाला मी जागेवर उभं केलं, पाय कुठे, खांदा कुठे, हात कुठे. मग माझं तोंड सुरू झालं. ‘‘अरे गाढवा, लग्नाला उभा आहेस का?’’ ‘‘ए भवाने, केस खा म्हणून दिलेत का देवानं?’’ एकानं म्हटलं, ‘‘आंटी, दॅट्स बुलीइंग!’’ मी म्हटलं, ‘‘अजून सुरू नाही केलं, राजा.’’ वाळूवर बसलेली बाकीची पोरं लोळायला लागली.

त्या बाईच्या मुलीचा नंबर आला तेव्हा तिनं हात नाकाशी नेला. ‘‘आंटी, नॉट फ्रॉम द साइड, प्लीज.’’

मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘‘हात काढ. तू यायच्या आधी तुझं नाक येऊन उभं राहिलं होतं, मी त्याच्याशीच बोलत होते. तुझ्यापेक्षा शहाणं आहे.’’

सगळे हसले. ती आधी लाल झाली, आणि मग अशी हसली, की तिच्या आईच्या हातातला रिफ्लेक्टर हलला. मी ते बोलले आणि पुन्हा बोलेन. त्या नाकाची आजवर घरात फक्त तक्रार झाली होती. कोणीतरी त्याला माणसात घेतलं. तो फोटो माझ्याकडे आहे. ती सरळ माझ्या भिंगात बघतेय, नाकासकट, सगळी.

मामा माझ्या उजव्या खांद्यामागे उभा होता, ऊन कुठून घ्यायचं ते मी त्याला मधूनमधून सांगत होते. त्याच्या कॅमेऱ्याचा आवाज मला येत होता. प्रत्येक वेळी माझ्या पाठोपाठ, माझ्या शिवीवर, माझ्या उजेडात, खट्. मला वाटलं, शिकतोय.

त्यानंतर कोणाचाही फोन आला नाही. मी नमुने पाठवले, लोकांनी अंगठे पाठवले. शेवटी मीच बाईला फोन केला.

‘‘अगं, फोटो तर सगळ्यांकडे आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘भावानं त्याच रात्री ग्रुपवर टाकले. पोरांना किती आवडले!’’

‘‘तो शिकायला आला होता.’’

‘‘शिकला की! कमिटीनं त्याचेच घ्यायचे ठरवलेत. तू मनाला लावून घेऊ नकोस. खलास, विषय संपला.’’

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिनं फोन ठेवला नाही, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘झालं? आता फेअरवेलला ये हां. तुलाही मोठ्या पडद्यावर बघायला मिळतील.’’

मी गेले. तिला वाटलं येणार नाही, म्हणून गेले.

हॉटेलचा हॉल, मुली साड्यांत, मुलगे ब्लेझरमध्ये. पडद्यावर एकेक फोटो यायला लागला. तेच हसू, तीच वाळू, मी लावलेले तेच खांदे. फक्त एक गोष्ट वेगळी होती. माझ्या फोटोत मुलं बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघतात. इथे एकही मूल समोर बघत नव्हतं. सगळ्यांची नजर जरा बाजूला, चौकटीच्या बाहेर कोणावर तरी टेकलेली, आणि त्या कोणाकडे तरी बघून सगळे जीव खाऊन हसत होते. बाजूला म्हणजे कुठे? तो माझ्या खांद्यामागे होता. सगळी माझ्याकडे बघत होती.

मुख्याध्यापिका माइकवर आल्या. ‘‘लुक ॲट देअर आइज,’’ म्हणाल्या. ‘‘दे आर ऑल लुकिंग टुवर्ड्स द फ्युचर.’’

टाळ्या. मामा उठून वाकला.

माझं डोकं फिरलं. मी उभी राहून ओरडले, ‘‘फ्युचर कसलं? ती माझ्याकडे बघतायत! मी तिथे उभी होते!’’

हॉलभर हशा. त्यांना ती गंमत वाटली. कोणीतरी मागून म्हणालं, ‘‘काकूच आमचं फ्युचर!’’ अजून हशा. पडद्यावरच्याच मुलाचा मी काढलेला फोटो मी फोनवर उघडला, शेजारच्या बाईला दाखवला, त्याच क्षणाचा, तेच हसू. ‘‘हा बघा, आणि तो बघा.’’ ती म्हणाली, ‘‘तुमचाही छान आलाय.’’ म्हणजे नक्कल मी केली!

तेवढ्यात कमिटीतल्या बाईच्या मुलीचा फोटो पडद्यावर आला. बाजूला बघून हसतेय, आणि नाक अर्धं. मामानं कॉम्प्युटरवर कापलं होतं. ते नाक त्या हसण्यात बसतच नव्हतं, दुसऱ्या कोणाचं तरी आणून चिकटवल्यासारखं. मुलगी पुढच्या रांगेत होती, आईची पैठणी नेसलेली. आई तिच्या मागे उभी, हात तिच्या खांद्यावर.

मी मुलीसमोर गेले. बाई म्हणाली, ‘‘यल्ला, चल, बस झालं आता, तमाशा नको.’’ मी तिच्याकडे बघितलं नाही. मुलीला विचारलं, ‘‘तू सांग. हसलीस तेव्हा कोणाकडे बघत होतीस?’’

तिनं पडद्याकडे बघितलं, त्या अर्ध्या नाकाकडे. तिला ते आवडलं होतं की नाही, मला कळलं नाही. खांद्यावरची बोटं जरा रुतली, तेवढं मी बघितलं. ती मुलगी माझ्याशी कधी मराठीत बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली, स्वच्छ, एकही शब्द न अडखळता.

‘‘कोणाकडेच नाही, काकू.’’

मी बाहेर आले. मागे पुन्हा टाळ्या सुरू झाल्या होत्या.

इयरबुक निघालं. फोटोंखाली मामाचं नाव आहे. पुढच्या हंगामात मी ज्या दोन शाळांची वाट बघत होते त्या त्याच्याकडे गेल्या. नोकरी सांभाळून करतो म्हणे. मी त्याचं नवं काम बघितलंय, अल वक्राच्या त्याच भिंतींसमोर. आता तो मुलांना सांगतो, जरा बाजूला बघा, तिकडे. ती त्याची स्टाइल झाली. मुलं बाजूला बघतात. पण तिकडे कोणी नसतं, म्हणून मुलं चुकलेल्या बसची वाट बघत असल्यासारखी दिसतात. पालक पैसे देतात आणि भिंतीवर लावतात.

मुलीला मी सोडून देते. ती आता शिकायला दूर गेली. तिच्या खांद्यावर हात होता. मामालाही मी विचारत नाही, काचेवरच्या वाफेचं काय करायचं तेसुद्धा त्याला मलाच सांगावं लागलं होतं.

ताई, मी तुम्हाला विचारते. त्या संध्याकाळी रिफ्लेक्टर तुम्ही धरला होता. तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात, मुलांच्या बरोबर समोर, तुमच्याएवढं नीट कोणालाच दिसलं नाही. तुमच्या दिवाणखान्यात तो अर्ध्या नाकाचा फोटो मोठा करून लावलाय, असं ऐकते. उठा, जवळ जा, मुलीच्या डोळ्यांत बघा. बाहुलीत एक पांढरा गोल ठिपका दिसेल. तो तुमच्या हातातला रिफ्लेक्टर आहे. त्याच्या शेजारी एक काळी आकृती उभी आहे, कॅमेरा तोंडाशी धरलेली. मुलीचं नाक तुम्ही कापून घेतलंत, डोळे तसेच ठेवलेत.

त्या डोळ्यांतली ती बाई कोण आहे? पाहुण्यांनी विचारलं तर तुम्ही काय सांगता? त्यांना सांगता तेच मला सांगा, माझ्या तोंडावर, मराठीत.