चुकीच्या आबांची लेक

माझा देवावर विश्वास नव्हता, आणि त्या सोमवारी तर देवाधर्माचा मला नुसता वीट आला होता. अमळनेरहून धुळ्याला निघालेली एसटी अर्ध्या वाटेत बंद पडली होती. धुळ्यात दुपारी एका सरकारी खात्याच्या महिला बास्केटबॉल संघाची निवड चाचणी होती. निवड झाली तर नोकरी, पगार, सरावाला हक्काची सुट्टी. म्हणजे खेळ हेच माझं काम होणार होतं. नाही झाली तर सगळंच संपलं, कारण पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीत बसणार नव्हते. आणि कंडक्टर निवांत टेकून म्हणत होता, "ताई, येईल ना दुसरी गाडी. आज कानबाईची बोळवण आहे, गाड्या कमीच."

श्रावणात आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने लावून त्याची देवी करतात, रविवारची रात्र जागवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन तिला निरोप देतात. आमच्या घरी ती कधी बसली नाही. वडिलांचा छोटा छापखाना होता, सारा गाव त्यांना आबा म्हणे. सभांची, संपांची, कर्मकांडाविरुद्धची पत्रकं तिथे छापली जात आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. माणसानं स्वतःच्या बळावर उभं राहावं, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं.

पण स्वतःच्या बळावर उभं राहू देतं कोण? आठवीत माझी उंची वाढली आणि गावाला जणू विषयच मिळाला. "हिला नवरा आणायचा की शिडी?" असं शेजारच्या अक्का आईला तोंडावर विचारत. हाफपँट घालून मैदानावर गेले की कुंपणाबाहेर गर्दी जमे, ती खेळ बघायला नव्हे. सिमेंटचं मैदान, जाळी नसलेलं लोखंडी कडं, आणि मुलांचा सराव आटोपला की उरलेला उजेड मुलींना! या सगळ्याशी भांडत मी जिल्ह्याकडून आणि विद्यापीठाकडून खेळले. आणि मग त्या उन्हाळ्यात उडी मारून उतरताना उजवा गुडघा पिरगळला. डॉक्टर म्हणाले, बरा झाला. माझा काही विश्वास बसेना. उडी मारायची वेळ आली की डोळे आधी पायाकडे जात, आणि तेवढ्यात चेंडू दुसरी कोणी घेऊन जाई. शेवटी हा गुडघाही माझ्याविरुद्धच उठला होता. गुडघ्याविरुद्ध पत्रक तरी कसं काढायचं?

बसमधून उतरून मी पिशवी खांद्याला लावली आणि जवळच्या गावात गाडी शोधायला चालत गेले. गावात एकच जीप, तिलाही झेंडूच्या माळा. जीपवाला हात जोडून म्हणाला, "मायनी बोळवण व्हऊ दे ताई, मंग लई चालस धुळे. आते गाडी हालनार नई." माय म्हणजे कानबाई; तिला निरोप दिल्यावरच तो मला धुळ्याला नेणार होता. मी त्याला बाईच्या नोकरीचं महत्त्व सांगितलं, वेळेचं महत्त्व सांगितलं, आवाजही चढवला. तो फक्त मान हलवत राहिला. तोवर डफ वाजत मिरवणूक तिथे येऊन पोचली.

पुढे डोक्यावर पाट घेतलेली एक म्हातारी होती. पाटावर कानबाई. मला बघताच ती थबकली आणि ओरडली, "ऊनी का व तू! आबानी आंडेर ना?"

ऊनी म्हणजे आली, आंडेर म्हणजे लेक. आबांची लेक मी होतेच. रागाच्या भरात एवढंच ऐकलं आणि म्हटलं, "हो."

पुढचं काही कळायच्या आत बायकांनी मला वेढलं. "कितली उंच व्हयनी!" "बूट काढ व पहिले." "सुरतनी पोर ती, पँटच घालीसनी येई!" कोणी पिशवी काढून घेतली, कोणी डोक्यावर पदर घेतात तसा टॉवेल पांघरला आणि म्हातारीने पाट माझ्या डोक्यावर ठेवला. मला एवढंच समजलं, की लहानपणीच सुरतेला गेलेल्या त्या घरच्या लेकीने आज देवी नदीवर न्यायचा नवस बोलला होता आणि तिची वाट बघून सगळे थकले होते.

दोन्ही हातांनी धरलेला पाट मी खाली ठेवू शकले असते. मी बोलूही शकले असते, बोलण्यात मी कधी कमी पडले नव्हते. पण डोक्यावर पाट असताना मान हलवता येत नाही, खाली बघता येत नाही. समोर बघायचं आणि चालायचं. चिडूनच मी पहिली पावलं टाकली. मागून बायका गात होत्या, कोणाचा तरी हात पाठीशी होता.

चौकात धोतर सावरत एक गृहस्थ पुढे आले, माझ्याकडे निरखून बघितलं आणि ओरडले, "हाई मनी आंडेर नई शे!"

डफ थांबला. म्हातारीने विचारलं, "मंग कोनी व तू?"

"आबांची," मी म्हटलं. "अमळनेरच्या."

आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळा रस्ता हसला. ते आबा मात्र घाबरले होते, लेकीचा नवस मोडला म्हणून. म्हातारीने त्यांनाच दटावलं, "आबा तं आबाच शे ना? मायनी जिले धरं तीच आंडेर. आते उतारानी नई. चाल व बेटी." देवीने जिला धरलं तीच लेक, आता पाट उतरवायचा नाही.

ते 'बेटी' ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी सैल झालं. इतकी वर्षं माझी उंची लोकांना खुपली होती. इथे तीच बघून त्यांनी मला आपली म्हटलं, आणि चूक कळल्यावरही परत केलं नाही. नदीची उतरण चिखलाने निसरडी होती. मी पायाकडे बघू शकत नव्हते, म्हणून बघितलंच नाही. गुडघाभर पाण्यात उतरले, बायकांनी आरती केली, पाट उतरवून घेतला. तेव्हा लक्षात आलं की चौकापासून इथवर मला गुडघ्याची आठवणच झाली नव्हती.

जीपवाल्याने शब्द पाळला. त्याने गाडी अशी काही हाणली, की चाचणीत माझं नाव पुकारत होते तेव्हा मी बूट बांधत होते. निवड करणाऱ्या बाईंनी विचारलं, "गुडघ्याची पट्टी ओली कशी?" म्हटलं, "नदीत उतरले होते." त्यांनी वहीत खूण केली आणि शिट्टी फुंकली. मग कड्याला आपटून चेंडू वर उडाला, आणि मी वर बघत उडी मारली. फक्त वर बघत.

निवड झाली. पुढे बरीच वर्षं मी त्या संघातून खेळले, पगारावर, ताठ मानेने. माझी चिडचिड संपली असं नाही. मैदानं तशीच होती, कुंपणाबाहेरचे डोळेही तसेच. अन्यायाशी भांडायचं असतं हे मी आजही मानते, आणि भांडते. पण शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं, ही माझी समजूत त्या नदीत राहिली. देवी खरंच आली होती का, असं लोक विचारतात. मला सिद्ध करता येणार नाही, आणि करायचंही नाही. मी खूप काही स्वतःच्या दोन हातांत आवळून धरलं होतं, आणि कोणीतरी ते दोन्ही हात पाट धरायला लावून मोकळे केले, एवढंच मला ठाऊक आहे. त्या उपकाराचं ओझं वाटत नाही, हेही नवलच.

चेंडू हातातून सुटला की मी आता डोळ्यांनी त्याला कड्यात ढकलू बघत नाही. मनात म्हणते, माय, हा तुझा. आणि तो परत येईल तिथे धाव घेते.