आतून पाजलेलं तेल

स्वतः एसटीत कंडक्टर असून मला निरोप द्यायला बाबा पोंभुर्ण्याच्या स्टँडवर उशिरा पोचले. गाडी सुटलीच होती. ओळखीच्या ड्रायव्हरने त्यांना आरशात पाहिलं आणि ब्रेक मारला. बाबांनी खिडकीतून पेपरात गुंडाळलेला लहानसा चौरंग आत दिला. माझ्या बॅगेतल्या बुद्धमूर्तीसाठी, दाराच्या उरलेल्या सागवानातून त्यांनीच केलेला. जवसाचं तेल अजून वाळलं नव्हतं, माझे हात तेलकट झाले. "हळू धर, ओला हाय," एवढंच ते म्हणाले. मला रडायचं होतं, पण तेलाच्या हातांनी डोळे पुसणार कसे?

जर्मनीत येऊन पेपर सोडवला तर चौरंगाच्या खालच्या बाजूला कुठल्याशा कबड्डी सामन्याची बातमी उलटी उमटलेली. पहिल्या महिन्यात कोणी बोलायला नव्हतं, तेव्हा मी ती आरशासमोर धरून वाचायची.

इथे मी वृद्धाश्रमात नर्स आहे. श्पेटडीन्स्ट म्हणजे दुपारची ड्युटी हे आता झोपेतही कळतं. घरात हिवाळाभर हाइत्सुंग चालू असतं, त्याने खोली ऊबदार होते आणि हवा पापडासारखी कोरडी. गेल्या हिवाळ्यात चौरंगाचा एक पाय निखळला. मला नवल वाटलं नाही. बाबांना सुतारकामाची भारी हौस, पण हात बेताचाच. आई म्हणायची, "तुमच्या पाटावर बसाचं म्हंजे हलत्या एस्टीतच बसाचं."

आमच्या वस्तीत सगळ्यांसाठी एक वर्कशॉप आहे. तिथे उर्सुला नावाच्या बाई शिकवतात. त्यांनी पाय बसतो ते भोक हुंगलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. सांध्याच्या आत जवसाचं तेल मुरलेलं होतं. तेल प्यायलेल्या लाकडाला गोंद धरत नाही. आधी गोंद, तो सुकला की मग तेल, हा इथला पहिला धडा. बाकीचे तीन पायही असेच निघतील, म्हणाल्या. चारही भोकं कोऱ्या लाकडापर्यंत खरडायला हवीत.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बाबांना हे माहीत नव्हतं असं नाही. गोंद लावून, सुतळीने आवळून पाट आढ्याला टांगायचे, आणि तेलाचा बोळा घेऊन बसायचे ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. "तेल लावाचं नसते, लाकडाले पाजाचं असते," असं मला सांगायचे. मग यावेळी काऊन उलटं केलं?

रविवारी फोनवर विचारलं. बाबा आधी टाळत राहिले. मग म्हणाले, "तिकडे लय थंडी राह्यते म्हनते ना. मनलं, आतूनबी पाजतो. थंडी आत शिरली नाई पायजे."

आमच्याकडे थंडीत लेकरांना तेल चोळतात ते बेंबीत, कानामागे, कुठलीच जागा न सोडता. चौरंग मोडकाच ठेवावा असं वाटलं. माझ्या थंडीसाठी पाजलेलं तेल मी कोणत्या हाताने खरडू? तसं बोललेही. बाबा हसले.

"खरडून टाक. तू हिवाळे काढले ना तिथी? झालं त्याचं काम."

खरडताना वर्कशॉपभर वास सुटला. उर्सुलाबाईंना तो रंगाच्या दुकानाचा वाटतो, मला जवसाच्या तेलात कालवलेल्या चटणीचा. सांधे स्पिरिटने पुसले, गोंद भरला, चौरंग शिकंज्यात आवळला. पुढच्या आठवड्यात वरून तेल पाजलं, तेही दोन वेळा. खालची बाजू मात्र तशीच सोडली. कबड्डीची बातमी तिथे आहे.

गावातल्या तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर गेले आणि जे मागे राहिले, दोघेही मला विचारतात, घर कुठलं वाटतं आता? मला नीट सांगता येत नाही. व्हिडिओ कॉलवर आईला चौरंग दाखवला, मूर्तीसकट. हाताने दाबून, हलवून दाखवला.

"हलत नाई?" आई म्हणाली. "मंग तो तुह्या बाबाचा नाई राह्यला. तुहा झाला."