सांबराची बडदास्त

मेलेल्या जनावराची एवढी बडदास्त ठेवणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. माझ्या मावशीचे हे यजमान पनवेलच्या कोर्टात कारकून. बंदुकीला त्यांनी कधी हात लावला नव्हता, पण ओटीवरच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांनी नेऱ्याच्या रानात मारलेल्या सांबराची शिंगं होती. आत शिरताना मान आपोआप खाली जावी असा त्यांचा पसारा! "बाबांनी मारलं, निदान आपण जपावं," एवढंच काका म्हणत. मग दर रविवारी रिठ्याचं कोमट पाणी, स्वतःचा दाढीचा ब्रश आणि शेवटी जवसाच्या तेलाचा हात. स्वतःच्या डोक्याला तेल लावायची आठवण मात्र मावशीने करायची. दूधवाला चरवी खाली ठेवून बघत राही. "काका, आमच्या बैलांना बी आमी येवडं धूत नाय," तो म्हणे. मीही तोंडात बोट घालून बघत बसे. एका शिंगाचं टोक तुटलं होतं. काकांनी सागाचं टोक कोरलं, कातानं रंगवलं आणि लाखेनं असं बसवलं की जोड शोधून सापडू नये. त्यावर कोणी खुंटी समजून टोपी अडकवली, की त्याची धडगत नसे.

माझ्या मावसबहिणीला बघायला आपट्याची मंडळी येणार होती, तेव्हा मावशीने बजावलं, "अहो, आज शिंगांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. दोन स्थळं त्यांच्यापायीच गेलीत." काकांनी मान डोलावली. मुलाचे वडील आले, त्यांनी घाम पुसला आणि टोपी नेमकी त्याच टोकावर अडकवली. काका ओठ घट्ट मिटून बसले. निघताना पाहुण्यांनी टोपी ओढली, तसं ते टोक निखळून पोह्यांच्या बशीत पडलं. मावशीने डोळेच मिटले. पण काका शब्दाला जागले. त्यांनी टोक धोतराच्या सोग्याने पुसलं आणि ते तळहातावर धरून बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पाहुणे कोट काढून म्हणाले, "लाख तापवा. मी शिंग धरतो."

लाख थंड होईपर्यंत लग्न ठरलं होतं.

काका गेले, तेव्हा त्या शिंगांकडे वर मान करून बघायचा मला धीर होईना. ती आता कोण पुसणार, म्हणून मावशी रडली. दिवसकार्य उरकलं आणि पुढच्याच रविवारी व्याही आपट्याहून आले. त्यांनी टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि हळूच म्हणाले, "विहीणबाई, व्याह्यांचा दाढीचा ब्रश कुठे ठेवलाय?"