डोकं माझं, पैज दादाची

माझा मोठा भाऊ इंग्लंडमध्ये राहतो आणि ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींवर पैसे लावतो, हे मला वहिनीकडून कळलं. त्याने स्वतःहून सांगितलं नसतं, कारण तो हरत होता.

मी बहरीनमध्ये एका विमा कंपनीत आहे. कुठे किती अपघात होतील, किती आगी लागतील, याचा अंदाज बांधून हप्ता ठरवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे एका शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, नईम भागातल्या आमच्या फ्लॅटमधून मी त्याला फोन लावला.

"दादा, कुत्रा कसा निवडतोस?"

"अगं, बघितलं की कळतं. चपळ दिसतो तो."

"शर्यतीतली सहाही कुत्री चपळच असतात. त्याशिवाय कोण पळवेल त्यांना?"

मग मी त्याला बुकीचा भाव समजावला. सहा कुत्री अगदी सारख्या ताकदीची असतील, तर जिंकणाऱ्याला एकास पाच मिळायला हवेत. बुकी चारच देतो. म्हणजे डोळे मिटून लावणारा आज ना उद्या बुडणारच. नफा हवा असेल, तर बुकीला न दिसलेलं काहीतरी आपल्याला दिसलं पाहिजे.

"आणि तुला ते दिसेल?" दादा हसला.

"दिसेल," मी म्हटलं.

बहरीनमध्ये पैज लावायला कायद्याने बंदी आहे, आणि मला लावायचीही नव्हती. मला गणित सोडवायचं होतं. ऑफिसात डबा खाताना मी जुन्या शर्यतींचे व्हिडिओ बघायला लागले. हळूहळू लक्षात आलं, की निम्म्या शर्यतींचा निकाल पहिल्या वळणावरच लागतो. काही कुत्र्यांना आतल्या कडेने पळायची सवय असते, काहींना बाहेरून. बाहेरून पळणारा सुरुवातीच्या रांगेत आतल्या पिंजऱ्यातून सुटला, की तो तिरका जातो आणि दोघातिघांना धडकतो. मी सगळ्यात वेगवान कुत्रा शोधणं सोडलं. ज्याला वळणावर मोकळी वाट मिळेल, तो शोधू लागले.

दादाला मी अट घातली. दोन महिने एक पेनीही लावायची नाही, मी सांगेन ते फक्त लिहून ठेवायचं. बहुतेक शर्यतींना मी "सोडून दे" म्हणायचे. ते त्याला फार जड जायचं. एकदा त्याचा आवाज जरा जास्तच खुशीत वाटला.

"लावलेस ना पैसे?"

"लावले. आणि जिंकलो!"

"जिंकलास हेच वाईट झालं," मी म्हटलं. तो रागावला, पण पुढे त्याने अट पाळली.

कागदावरचे अंदाज बरोबर येत गेले, तेव्हा त्याने खरे पैसे लावायला सुरुवात केली. थोडे थोडे, पण नफ्यात. उन्हाळा संपेपर्यंत तो मागचं सगळं भरून काढून वर आला होता. मग एका शुक्रवारी त्याचा फोन आला.

"अगं, वीस पौंड लावायला गेलो, तर म्हणतात, तुम्हाला पन्नास पेनीच लावता येतील!"

जिंकणाऱ्यासाठी बुकीने हात आखडता घेतला होता. शेजारी बसलेली माझी मुलगी सगळं ऐकत होती. "दॅट्स नॉट फेअर, आई," ती म्हणाली. मला मात्र हसू आलं. जास्त धोक्याच्या गिऱ्हाइकाला आमची कंपनीही असंच दारात थोपवते. माझं गणित बरोबर असल्याचं याहून चांगलं प्रमाणपत्र मला कोण देणार होतं?

दादा म्हणाला, "तुझ्या वहिनीच्या नावाने खातं उघडतो."

"नाही. तिचं नाव यात ओढायचं नाही. खलास."

पुढच्या शुक्रवारी त्याचा फोन आला नाही. तेव्हा मात्र मी थोडी धास्तावले. याआधी आम्ही दिवाळीला आणि वाढदिवसाला बोलायचो, तेही पाच मिनिटं. कुत्र्यांमुळे दर शुक्रवारी बोलू लागलो होतो.

कुत्र्यांवर पैसे मिळवता येतात का, असं आता कुणी विचारलं, तर मी ठामपणे सांगते: येतात. पण आपण शिकलोय हे बुकीला कळेपर्यंतच.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी जेवणं उरकत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"आता बोलायचं काय आपण?" दादाने विचारलं.

"तुझा गुडघा कसा आहे? वहिनी म्हणत होती, दुखतो."

तो अर्धा तास गुडघ्याबद्दल बोलला.